फक्त काही यंत्रांवर

२०१९च्या नोव्हेंबरात गो या संगणकभाषेची १.१४ ही आवृत्ती आकार घेत होती. अशा अर्ध्या तयार आवृत्त्या मुद्दाम चालवून बघणारे लोक जगभर असतात. भाषा प्रसिद्ध होण्याआधी तिच्यातल्या चुका बाहेर येतात त्या बहुतेक त्यांच्यामुळेच. त्यांच्यापैकी काहींना त्या महिन्यात चमत्कारिक क्रॅश दिसू लागले. वापरून झालेली मेमरी गोळा करणाऱ्या यंत्रणेला मध्येच एखादा असा पत्ता सापडे, की त्या पत्त्यावर कुठली वस्तू असणंच शक्य नसे. कधी कोरी असायला हवी अशी जागा कोरी नसे. तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की सुरळीत चाले, आणि मग केव्हातरी परत कोसळे.

सगळ्यांच्या यंत्रांवर हे होत नव्हतं. बहुसंख्य लोकांचं काम बिनबोभाट चालू होतं. ज्यांच्याकडे बिघाड दिसत होता त्यांची यंत्रंही वेगवेगळी होती. समान धागा एकच होता. त्यांच्याकडे लिनक्स होतं आणि त्याचा कर्नल (प्रणालीचा गाभा) ताजा, म्हणजे ५.२ किंवा त्यानंतरचा होता.

‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य प्रोग्रॅमिंगच्या धंद्यात रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते तक्रार झटकण्यासाठी वापरलं जातं. माझ्या मते ते तपासातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. एका यंत्रावर चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही, याचा अर्थ उत्तर त्या दोन यंत्रांमधल्या फरकात कुठेतरी पडलेलं आहे. प्रश्न उरतो तो फरक मोजायचा कसा हा. ‘६४ बिटांचं लिनक्स’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या तीन शब्दांखाली प्रोसेसर असतो, कर्नल असतो, तो कर्नल ज्या कंपायलरनं बांधला तो कंपायलर असतो, बांधताना निवडलेले शेकडो पर्याय असतात आणि वितरकानं वरून लावलेले पॅच असतात. भाषा लिहिणाऱ्याला यातलं बरंचसं दिसतही नाही.

आता गोबद्दल थोडं. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ साली गूगलमध्ये या भाषेची आखणी सुरू केली आणि २००९च्या नोव्हेंबरात ती सर्वांसाठी खुली झाली. डॉकर आणि कुबरनेटिस ही आजच्या सर्व्हरजगातली दोन मोठी साधनं याच भाषेत लिहिलेली आहेत. तिचं मोठं बलस्थान म्हणजे गोरूटीन. एकाच प्रोग्रॅमात हजारो, प्रसंगी लाखो छोटी कामं एकाच वेळी चालू ठेवता येतात, आणि ती सगळी थोड्याशा थ्रेडवर आलटूनपालटून बसवायचं काम भाषेचा रनटाइम करतो. रनटाइम म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमबरोबर गुपचूप जोडला जाणारा, मेमरी आणि कामांची पाळी सांभाळणारा भाग.

१.१३पर्यंत या व्यवस्थेत एक उणीव होती. चालू गोरूटीनला थांबवायचं तर ती पुढचं फंक्शन बोलावेपर्यंत रनटाइमला वाट पाहावी लागे. एखादी गोरूटीन कोणतंही फंक्शन न बोलावता नुसती आकडेमोडीच्या लूपमध्ये फिरत राहिली, तर मेमरी गोळा करण्याचं काम खोळंबे आणि सगळा प्रोग्रॅम तिच्यापायी ताटकळे. १.१४मध्ये यावर उपाय आला. ज्या थ्रेडवर ती गोरूटीन चालली आहे त्या थ्रेडला रनटाइमनं सरळ सिग्नल पाठवायचा. युनिक्सच्या कुळातल्या सगळ्या प्रणालींत सिग्नल ही जुनी सोय आहे. सिग्नल आला की कर्नल चालू काम जिथल्या तिथे थांबवतो, रजिस्टरांमधलं सगळं एका स्टॅकवर उतरवून ठेवतो, सिग्नल हाताळणारं फंक्शन चालवतो, आणि ते संपलं की रजिस्टरं पूर्ववत भरून काम पुढे सोडतो. थांबवलेल्या प्रोग्रॅमला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागू नये, हे सिग्नलव्यवस्थेचं वचन आहे. गोच्या मंडळींनी यासाठी सिगअर्ज हा एरवी क्वचितच वापरला जाणारा सिग्नल निवडला.

तेव्हा नोव्हेंबरात क्रॅश आले तसा संशय या नव्या यंत्रणेवर गेला, आणि तो रास्तच होता. नवं काय, तर सिग्नल. बिघाड कशाचा, तर चालू काम मध्येच तोडल्यावर जसा होईल तसा. ही सोय बंद ठेवण्यासाठी रनटाइममध्ये एक खटकाही दिलेला होता. पण मग कर्नलच्या आवृत्तीचं काय? गोच्या रनटाइममध्ये चूक असती, तर ती जुन्या कर्नलवरही कधीतरी दिसायला हवी होती.

मेमरी बिघडवणाऱ्या चुका शोधणं इतकं अवघड का असतं, हे इथे सांगायला हवं. साधी चूक जिथे घडते तिथेच ओरडते. शून्यानं भागलं की त्याच ओळीवर प्रोग्रॅम थांबतो. मेमरीतला एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला, तर त्या क्षणी काहीच होत नाही. तो आकडा तसाच पडून राहतो. नंतर, भलत्याच फंक्शनात, भलत्याच थ्रेडवर कोणीतरी तो वाचतं आणि कोसळतं. क्रॅशचा अहवाल त्या वाचणाऱ्याकडे बोट दाखवतो. लिहिणारा तोपर्यंत आपलं काम आटोपून निघून गेलेला असतो. अहवाल कितीही बारकाईनं वाचला तरी त्यात मूळ चुकीचा माग नसतो. म्हणून अशा तपासात अहवाल बाजूला ठेवून प्रयोग करावे लागतात. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि क्रॅश येतो का बघायचं.

गोच्या चमूतले ऑस्टिन क्लेमंट्स, डेव्हिड चेस आणि इयन लान्स टेलर यांनी हा मार्ग धरला. त्यातलं निर्णायक पाऊल मला वाटतं ते म्हणजे गोला प्रयोगातून पूर्ण वगळणं. सी भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम तयार झाला. रजिस्टरांमध्ये ठरावीक मूल्यं ठेवायची, थ्रेडला सिग्नल पाठवायचा आणि परत आल्यावर तीच मूल्यं जागेवर आहेत का तपासायचं, एवढाच त्याचा गाभा. नव्या कर्नलवर ती मूल्यं अधूनमधून बदललेली सापडू लागली. या प्रोग्रॅममध्ये गोची एक ओळही नव्हती. लिनक्सच्या बग नोंदवहीत २०५६६३ क्रमांकाची नोंद झाली आणि तपास एक मजला खाली उतरला.

बदलत होती ती प्रोसेसरची व्हेक्टर रजिस्टरं, एक्सएमएम आणि वायएमएम या नावांची. एरवीची रजिस्टरं ६४ बिटांची असतात. ही १२८ आणि २५६ बिटांची. आकडेमोडीखेरीज त्यांचा एक मोठा उपयोग म्हणजे मेमरीचे मोठे तुकडे झपाट्यानं हलवणं किंवा पुसणं. गोचा रनटाइम तेच करतो. एखादी जागा कोरी करायची तर व्हेक्टर रजिस्टरमध्ये शून्य भरायचं आणि तेच पुन्हा पुन्हा मेमरीत ओतायचं. ओतणं चालू असताना मध्येच सिग्नल आला आणि परत येताना रजिस्टरात शून्याऐवजी दुसरंच काही आलं, तर उरलेल्या जागेत तो कचरा ओतला जाणार. ‘कोरी असायला हवी ती जागा कोरी नाही’ या लक्षणाचा उलगडा इथे झाला.

कर्नलमध्ये चूक कुठे हे शोधायला दुभाजनाची पद्धत आहे. लिनक्सच्या दोन आवृत्त्यांमध्ये हजारो बदल असतात आणि ते सगळे क्रमानं नोंदलेले असतात. मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा कर्नल बांधायचा आणि प्रयोग करायचा. क्रॅश आला तर चूक आधीच्या अर्ध्यात, नाही आला तर नंतरच्या. दर खेपेला निम्मा ढीग बाद होतो. सोळा हजार बदल असले तरी चौदा खेपांत एकावर येता येतं. तत्त्व सोपं आहे, पण क्रॅश कधीतरीच येत असेल तर ‘आला नाही’ हे उत्तर किती वेळ थांबून खरं मानायचं, हा प्रत्येक खेपेचा प्रश्न असतो. एका खेपेला घाईनं चुकीचं उत्तर दिलं, तर पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात चालू राहतो. म्हणूनच लवकर आणि हमखास बिघडणारा तो छोटा सी प्रोग्रॅम इतका मोलाचा होता.

या शोधात एक नवा दुवा हाती आला. तोच कर्नल, त्याच ओळी, पण जीसीसी ८ या कंपायलरनं बांधला तर बिघाड नाही, आणि जीसीसी ९नं बांधला तर आहे. मग आणखी बारीक चाळणी लागली. कर्नल म्हणजे हजारो फायली स्वतंत्रपणे कंपाइल करून शेवटी एकत्र जोडलेल्या असतात. त्यामुळे काही फायली जुन्या कंपायलरच्या आणि काही नव्याच्या असं मिश्रण करता येतं. अखेर एकच फाइल उरली. सिग्नल येताना व्हेक्टर रजिस्टरं स्टॅकवर उतरवण्याचं काम करणारी.

फायलींच्या मिश्रणाची ही युक्ती दोन वर्षं आधी गोच्याच दुसऱ्या एका बगमध्ये फार देखण्या रीतीनं वापरली गेली होती. ती हकिकत इथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

२०१७ साली हेक्टर मार्टिन (पुढे ॲपलच्या नव्या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या असाही लिनक्स प्रकल्पाचे संस्थापक) यांच्या यंत्रावर नोड एक्सपोर्टर हा गोमध्ये लिहिलेला छोटा देखरेख-प्रोग्रॅम अधूनमधून कोसळत होता. पहिला संशय मेमरीच्या चिपवर. तपासणीत त्या चिपमध्ये खरोखरच एक बिघडलेला बिट सापडला! इथे कोणीही तपास थांबवला असता. मार्टिन यांनी तेवढी जागा वापरातून काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. क्रॅश चालूच. दोष सापडला होता, पण तो वेगळाच होता. मग त्यांनी कर्नल बदलून पाहिले आणि बिघाड कर्नल बांधतानाच्या एका पर्यायाशी निगडित असल्याचं दिसलं. तो पर्याय शेकडो फायलींवर परिणाम करणारा. त्यांनी काय केलं, तर प्रत्येक फायलीच्या नावाचा हॅश काढला आणि त्या हॅशचे बिट बघून ती फाइल पर्यायासह बांधायची की पर्यायाविना, हे ठरवलं. अशानं फायलींचे आपोआप दोन गट पडतात. मग दोषी गटाचे पुन्हा दोन. काही फेऱ्यांत बोट येऊन टेकलं ते व्हीडीएसओवर.

व्हीडीएसओ म्हणजे कर्नलनं प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवलेला कोडचा छोटा तुकडा. घड्याळ बघण्यासारख्या वारंवार लागणाऱ्या कामासाठी दर वेळी कर्नलचं दार ठोठावायला लागू नये म्हणून ही सोय. म्हणजे हा कोड कर्नलबरोबर बांधला जातो, पण चालतो प्रोग्रॅमच्या स्टॅकवर. मार्टिन यांच्याकडे जेंटू लिनक्सचा सुरक्षेवर भर देणारा कंपायलर होता आणि तो स्टॅक पुरेसा आहे ना हे आगाऊ चाचपण्याच्या सूचना कोडमध्ये पेरत असे. चाचपणीची रीत अशी की स्टॅकच्या टोकाच्या चार हजारांहून अधिक बाइट पलीकडची एक जागा घ्यायची, तिथला आकडा वाचायचा, त्याच्यावर शून्यासह ‘किंवा’ ही क्रिया करायची आणि तो परत तिथेच लिहायचा. शून्याशी ‘किंवा’ केल्यावर आकडा तसाच राहतो, म्हणून हे निरुपद्रवी. सी भाषेच्या प्रोग्रॅमला स्टॅक भरपूर मोठा मिळतो, तिथे ते निरुपद्रवी असतंही. गोरूटीनचा स्टॅक मात्र दोन हजार अठ्ठेचाळीस बाइटांपासून सुरू होतो. ती चाचपणी त्या स्टॅकच्या बाहेर, दुसऱ्याच कोणाच्या मेमरीवर पडत होती. तरीही आकडा तोच परत लिहिला जातो, मग बिघडतं काय? वाचणं आणि परत लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडनं त्या जागी नवा आकडा लिहिला, तर परत येणारा जुना आकडा त्याला पुसून टाकतो. लाखो वेळा घड्याळ पाहिलं की एखाद्या वेळी हे घडणारच. पुढे गोनं व्हीडीएसओचा कोड थ्रेडच्या मोठ्या स्टॅकवर चालवायला सुरुवात केली आणि तो प्रश्न मिटला.

मला ही हकिकत आवडते ती त्यातल्या दोन बाजूंमुळे. कंपायलर म्हणत होता की स्टॅकच्या पलीकडे एवढी जागा असेलच. गो म्हणत होती की घड्याळ बघायला एवढा स्टॅक पुरतोच. दोन्ही गृहीतकं आपापल्या जगात वर्षानुवर्षं खरी ठरत आली होती, आणि ती समोरासमोर आली फक्त एका विशिष्ट कंपायलरनं बांधलेल्या कर्नलवर.

आता पुन्हा २०१९कडे, त्या एका फायलीकडे.

लिनक्स ५.२ जुलै २०१९मध्ये आलं. त्यात व्हेक्टर रजिस्टरांच्या हाताळणीत एक सुधारणा होती. आधी, एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे वळताना कर्नल नव्या कामाची व्हेक्टर रजिस्टरं लगेच भरत असे. ५.२पासून तो ती भरणं लांबवू लागला. काम प्रत्यक्ष प्रोग्रॅमच्या कोडमध्ये परतेल तेव्हाच भरायची. मध्ये गरजच पडली नाही तर तेवढा वेळ वाचतो. यासाठी प्रत्येक प्रोसेसरवर एक नोंद ठेवलेली असते, की या घडीला रजिस्टरांमध्ये आहे ते कोणत्या कामाचं आहे. मालकाची नोंद म्हणू.

आता सिग्नल येतो. कर्नलला रजिस्टरं स्टॅकवर उतरवायची आहेत. मध्ये दुसरं काम घुसू नये म्हणून तो आधी कुलूप लावतो. पण सिग्नलसाठी राखलेल्या स्टॅकची जागा कागदोपत्री दिलेली असली, तरी त्या जागेच्या पानाला (मेमरी ठरावीक आकाराच्या पानांनी वाटली जाते) प्रत्यक्ष मेमरी अजून मिळालेली नसू शकते. लिनक्स मेमरी मागितल्याबरोबर देत नाही, पहिल्यांदा हात लावल्यावर देतं. म्हणून उतरवण्याचा पहिला प्रयत्न फसतो. कर्नल कुलूप सोडतो, ते पान आणवतो, पुन्हा कुलूप लावतो आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. कुलूप सुटलेलं असताना प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे जाऊ शकतो आणि ते काम रजिस्टरांत स्वतःचं काही भरू शकतं. म्हणून दुसऱ्या प्रयत्नाआधी मालकाची नोंद पुन्हा वाचणं भाग आहे. जीसीसी ९नं बांधलेला कर्नल ती पुन्हा वाचत नव्हता. पहिल्या वेळी वाचलेलं उत्तर त्यानं जपून ठेवलं होतं आणि तेच वापरत होता.

शाळेत एकच फळा दोन वर्गांना सामाईक असावा तसं हे आहे. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, मुलांकडे वह्या नाहीत म्हणून त्या वह्या आणायला गेल्या. तेवढ्यात शेजारच्या वर्गाच्या सरांनी फळा पुसून इतिहासाच्या सनावळ्या लिहिल्या. बाई परतल्या, फळ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘उतरवून घ्या.’ वहीत गेलं ते दुसऱ्याच वर्गाचं. सिग्नल हाताळून झाल्यावर कर्नल त्या वहीतूनच रजिस्टरं पुन्हा भरतो, आणि प्रोग्रॅम परक्या आकड्यांवर पुढे चालू लागतो.

मग जीसीसी ९चं चुकलं का? नाही. कर्नलच्या कोडमध्ये ही नोंद वाचण्यासाठी जी सूचना वापरली होती तिच्या नावातच ‘स्टेबल’ हा शब्द होता. हे मूल्य एका कामाच्या हयातीत बदलत नाही, तेव्हा एकदा वाचलेलं पुन्हा वापरायला हरकत नाही, अशी मुभा ती सूचना कंपायलरला देत होती. ५.२च्या आधी ते खरंही होतं. रजिस्टरं भरणं लांबवायला सुरुवात झाली आणि ते खरं राहिलं नाही. पण सूचना जुनीच राहिली. जीसीसी ८नं ती मुभा इथे घेतली नाही म्हणून काही बिघडलं नाही. जीसीसी ९नं घेतली. कर्नलमधलं चुकलेलं वचन उघडं पडायला नवा कंपायलर लागला, आणि ते लोकांच्या नजरेस यायला सिग्नलांचा सतत मारा करणारी भाषा लागली. गोच्या प्रत्येक थ्रेडला स्वतःचा सिग्नल-स्टॅक असतो, म्हणजे नवा थ्रेड जन्मला की पहिल्या सिग्नलाला हात न लागलेलं पान समोर यायची शक्यता प्रत्येक वेळी नव्यानं. १.१४नं अशा संधींची संख्या कितीतरी वाढवली होती.

कर्नलच्या बाजूनं सेबास्टियन अँड्रेझ सीविओर यांनी नोव्हेंबर संपता संपता कर्नलची दुरुस्ती लिहिली. सूचनेच्या नावातलं ‘स्टेबल’ काढून टाकायचं आणि नोंद दर वेळी ताजी वाचायची, बस्स. दुरुस्तीच्या नोंदीत शोध लावणारे म्हणून क्लेमंट्स, चेस आणि टेलर या तिघांची नावं आहेत. भाषेचा रनटाइम लिहिणाऱ्यांनी कर्नलच्या एका शब्दापर्यंत पोचावं, आणि कर्नलच्या लोकांनी ते श्रेय नोंदीत लिहून ठेवावं, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात समाधानाचं वाटतं. दुरुस्ती ५.३.१५ आणि ५.४.२ या आवृत्त्यांत आली. ५.५ मुळातच दुरुस्त निघालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण लोकांच्या यंत्रांवर जुने कर्नल महिनोन् महिने राहतात. त्यामुळे २५ फेब्रुवारी २०२०ला आलेल्या गो १.१४मध्ये एक तोडगा घातलेला होता. प्रोग्रॅम सुरू होताना कर्नलची आवृत्ती वाचायची. ती दोषी पट्ट्यात येत असेल, तर प्रत्येक सिग्नल-स्टॅकचं वरचं पान मेमरीत खिळवून ठेवायचं. पान आधीपासून हजर असेल तर पहिला प्रयत्न फसणार नाही, कुलूप सुटणार नाही, आणि पुढचं सगळं टळेल. उपाय बिनचूक होता. पण त्याला स्वतःची प्लॅटफॉर्मची अडचण निघाली.

पानं खिळवण्यावर लिनक्समध्ये मर्यादा असते. एखाद्या प्रोग्रॅमनं सगळी मेमरी अडवू नये म्हणून. डॉकरच्या कंटेनरांत ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी ६४ किलोबाइट होती. एक पान चार किलोबाइटांचं, म्हणजे सोळा पानं. थ्रेडची संख्या त्यापुढे गेली की खिळवणं नाकारलं जाई. १.१४ अशा वेळी प्रोग्रॅम तिथेच थांबवत असे आणि सांगत असे की मर्यादा वाढवा किंवा कर्नल बदला. मेमरी गुपचूप बिघडण्यापेक्षा थांबणं बरं, हा विचार समजण्यासारखा आहे. ज्यांचे सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेल्याबरोबर चालेनासे झाले त्यांना तो कितपत पटला असेल, हा भाग वेगळा.

त्यात उबुंटू या लिनक्सच्या वितरणाची भर पडली. उबुंटू आपल्या कर्नलमध्ये वरच्या आवृत्त्यांतल्या दुरुस्त्या आणून लावतं, पण आवृत्तीचा मूळ आकडा बदलत नाही. दुरुस्ती लावलेला कर्नलसुद्धा स्वतःची ओळख ५.३.० अशीच देतो, पुढे फक्त उबुंटूचा स्वतःचा क्रमांक वाढत जातो. गोचा रनटाइम पहिला आकडा वाचून त्याला दोषी ठरवत असे. कर्नल बरा झालेला, तरी प्रोग्रॅम पानं खिळवायला जाई, मर्यादा लागे आणि थांबे. आवृत्तीच्या आकड्यावरून दोष ओळखणं हे किती तकलादू असतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

मार्चमध्ये १.१४.१ आली तेव्हा हा ताठरपणा गेला. पान खिळवता आलं नाही तर रनटाइम तेवढी नोंद मनात ठेवी आणि काम चालू ठेवी. थ्रेडला सिग्नल पाठवण्याच्या ऐन आधी तो त्या सिग्नल-स्टॅकच्या पानाला स्वतःच हात लावी, म्हणजे कर्नल तिथे पोचेपर्यंत बहुधा पान आलेलं असे. आणि एवढं करूनही प्रोग्रॅम कोसळलाच, तर क्रॅशच्या अहवालात एक जादा टीप छापली जाई: तुमच्या लिनक्स कर्नलमध्ये दोष असू शकतो, आणि त्याची माहिती अमुक पानावर आहे.